माझ्यावरची हसरी मुलगी

मित्रांनो, घाबरलेला डबा तुम्ही कधी पाहिला नसेल. मी चिक्कीचा जुना पत्र्याचा डबा आहे, आणि मी अजूनही घाबरलेला आहे. झाकण वाजलं की माझा जीव खालीवर होतो. ही भीती मला कशी लागली ते सांगतो.

माझा जन्म झाला तेव्हा मी फार देखणा होतो. हे मी स्वतः म्हणतो, कारण आता म्हणणारं दुसरं कोणी उरलं नाही. लोणावळ्याच्या बाजारात इब्राहिमभाईंचं चिक्कीचं छोटं दुकान होतं. माझ्या अंगावर काय छापायचं याचा त्यांनी फार विचार केला होता. पिवळाधमक रंग, वर लाल अक्षरांत 'शेंगदाणा चिक्की', आणि मधोमध दोन वेण्या घातलेली, चिक्कीचा तुकडा तोंडाशी नेणारी हसरी मुलगी. "वाचता न येणाऱ्या पोरालासुद्धा लांबून कळलं पाहिजे, आत खाऊ आहे," असं ते छापखानावाल्याला म्हणाले होते. तसंच झालं. दुकानापुढून जाणारी मुलं आईचा पदर ओढून माझ्याकडे बोट दाखवायची. मी तर फुशारून जायचो.

मग इब्राहिमभाईंची मुलगी जन्नत पुण्याहून वेष्टनांचं डिझाइन शिकून आली. तिने मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि हसली. "अब्बा, आता पत्रा कोण घेतं? जाड कागदाचा खोका करू. त्याला पारदर्शक खिडकी ठेवू, म्हणजे आतला माल गिऱ्हाइकाला दिसेल. रंग थोडे, कोरी जागा जास्त. हल्ली असंच चालतं."

"अगं, खोका केरात जातो," इब्राहिमभाई म्हणाले. "डबा घरात राहतो. वर्षानुवर्षं राहतो."

मला तेव्हा जन्नतचा राग आला होता. खिडकी काय करायची, असं मला वाटलं. माझा चेहरा पुरेसा नव्हता का? पण मुलीपुढे बापाचं काही चाललं नाही. माझ्यासारखे उरलेले डबे विकले गेले आणि नंतर पत्र्याचा डबा त्या दुकानात दिसला नाही.

मला कान्हे गावच्या हौशीराम आबांनी नेलं, त्यांच्या मुलीच्या, सारिकाच्या साखरपुड्याला. चिक्की पाव्हण्यांनी संपवली, पण आबांच्या बायकोने, रतनबाईंनी मला टाकलं नाही. आमच्या मावळात चांगला डबा कोणी टाकत नाही. त्यांनी मला घासून उन्हात वाळवलं आणि माझ्यात सुईदोरा ठेवला. पुढे कधी तीळ, कधी कुरडया. "लय गुणाचा डबा हाय," असं त्या शेजारणीला सांगायच्या. माझ्या कडेला पोचा आला, बुडाला आणि झाकणाच्या कडेला गंज धरला, पण ती मुलगी तशीच हसत राहिली.

गेल्या पावसाळ्यात आबांच्या भाताला कीड लागली. त्यांनी कामशेतहून दाणेदार औषधाची पिशवी आणली. त्या पिशवीवर लाल त्रिकोण होता, कवटी होती आणि खाली ठळक अक्षरांत 'विष' लिहिलं होतं. मी फळीवरून तिच्याकडे पाहून नाक मुरडलं. इतकं कुरूप वेष्टन मी कधी पाहिलं नव्हतं.

शेतात टाकून थोडं औषध उरलं. ती फाटकी पिशवी आबांनी पडवीत आणून ठेवली, तेव्हा रतनबाई कडाडल्या. "ते मढ्याचं चित्र घरात नको. देवाच्या समोर येतंय. आन् दारात पाव्हणं येत्यात."

"मग कुटं ठिवू? गोठ्यात ओल लागंल त्याला."

"ह्यात वता."

आणि रतनबाईंनी मला खाली काढलं. जांभळे, बारीक दाणे माझ्यात ओतले गेले. त्यांचा उग्र वास माझ्या पत्र्यात भिनला. रिकामी पिशवी त्यांनी पाणी तापवायच्या बंबात घातली. कवटी जळून गेली आणि मी पुन्हा उंच फळीवर जाऊन बसलो, पोटात विष आणि तोंडावर हसू घेऊन.

"वर काईतरी लिवून ठेवा, मामंजी," त्यांची सून कोमल म्हणाली होती.

"लिवायचं कशाला? घरात समद्यांना म्हाईत हाय की," आबा म्हणाले.

घरातल्या सगळ्यांना माहीत होतं हे खरं होतं. पण मित्रांनो, त्या दिवसापासून मला स्वस्थता नव्हती. कोणी परकं मूल घरात आलं की मी मनात म्हणायचो, वर बघू नकोस. माझ्याकडे बघू नकोस. ज्या चेहऱ्याचा मला एवढा तोरा होता, तोच मला आता लपवावासा वाटत होता आणि लपवायला मला हात नव्हते.

घट बसायचे होते म्हणून घराची झाडलोट निघाली. कोमलने फळीवरचे सगळे डबे पडवीत काढून ठेवले आणि रिकामे तेवढे घासायला नळावर नेले. मी भरलेला, म्हणून भिंतीकडेला राहिलो. जमिनीवर. वराळ्याहून सारिकाची मुलगी राजेश्वरी आजोळी आली होती. पहिलीत जाणारी, नवीनच वाचायला शिकलेली आणि दिसेल ते मोठ्याने वाचणारी. ती माझ्यापुढे उकिडवी बसली.

"शें-ग-दा-णा चि-क्की," तिने वाचलं.

मी तेव्हा माझ्या गंजाची करुणा भाकली. इतकी वर्षं मला त्याची लाज वाटत होती. झाकण अडकलं, क्षणभर तसंच राहिलं. तिने मला दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि जोर लावला. झाकण निघालं.

"चिक्की नाही. गोळ्या आहेत," ती स्वतःशीच म्हणाली.

तिने मूठ भरली. माझ्यात आवाज असता तर मी सारं कान्हे गोळा केलं असतं. पण त्या घराची एक रीत आहे. नवा पदार्थ आधी देवापुढे ठेवायचा, मग मोठ्यांना द्यायचा आणि मग आपण घ्यायचा. राजेश्वरीने मला काखोटीला मारलं, देवघरात नेलं, ते दाणे देवापुढच्या वाटीत ठेवले आणि डोळे मिटून हात जोडले. मग तिने वाटी उचलली आणि जवळच वाती वळत बसलेल्या रतनबाईंच्या हातावर उपडी केली.

"आज्जी, प्रसाद."

रतनबाईंना जवळचं नीट दिसत नाही. उदबत्तीच्या धुरात त्यांना वासही आला नसावा. आणि प्रसादाकडे निरखून कोण बघतं? त्यांनी हात कपाळाला लावला आणि तोंडाकडे नेला.

घासलेले डबे घेऊन कोमल आत आली ती नेमकी तेव्हा. तिच्या हातातले डबे खाली आदळले. तिने सासूच्या हातावर असा फटका मारला की जांभळे दाणे देवघरभर उडाले.

"औषध हाय ते, आत्याबाई."

रतनबाईंनी नातीकडे पाहिलं. "तू खाल्लंस का गं? पोरी, तू खाल्लंस?"

मामीने आजीला मारलं, आता आपल्यालाही मार बसणार, एवढंच राजेश्वरीला कळलं असावं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

कोमलने तिचे हात, तोंड धुतलं, रतनबाईंचे हात धुतले. आबांनी रिक्षा आणली आणि मला पिशवीत घालून बरोबर घेतलं. कामशेतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीला तपासायला घेतलं आणि विचारलं, "औषधाचं नाव काय? त्यावर पुढचे उपचार ठरतात. पाकीट कुठे आहे?"

"जाळलं," रतनबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला हातात घेतलं. उलटं केलं, पालटं केलं, घाईघाईने वाचू लागले. शेंगदाणे, गूळ, ग्लुकोज. कोरड्या जागी ठेवावे. मित्रांनो, माझ्या अंगावर इतकी अक्षरं होती आणि राजेश्वरीच्या उपयोगाचं एकही नव्हतं. मला त्या बंबात जळालेल्या कवटीवाल्या पिशवीची आठवण झाली. ती असती तर तिने औषधाचं नाव लगेच सांगितलं असतं. ती कुरूप होती, पण खरं बोलत होती.

आबांनी औषधाच्या दुकानदाराला फोन लावला. तो उचलेना. पुन्हा लावला. रतनबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. अखेर नाव कळलं. पोरीला दवाखान्यात ठेवून घेतलं, आणि दर थोड्या वेळाने कोणीतरी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून जायचं. मी तिच्या खाटेखाली होतो. तिचा श्वास मी ऐकत होतो आणि दोन श्वासांच्या मधली जागा मला सोसत नव्हती.

उन्हं उतरल्यावर ती हळूच म्हणाली, "आज्जी, मी नाही खाल्लं. तू आधी खाणार होतीस ना."

रतनबाईंनी तिला कुशीत घेतलं. त्या रडल्या नाहीत. तिला सोडलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पोर सुखरूप घरी आली आणि आबांनी कृषी केंद्रात विचारून माझ्यातल्या औषधाची नीट विल्हेवाट लावली. मग मला अंगणात घेऊन बसले आणि विळ्याने माझ्यावरची मुलगी खरवडू लागले.

"आबा, तिला का पुसता?" राजेश्वरीने विचारलं. "ती किती छान हसते."

"म्हणूनच गं," आबा म्हणाले.

आधी वेण्या गेल्या, मग डोळे, मग हसू. मला दुखलं नाही. मग त्यांनी माझ्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली, पुन्हा कोणी काही भरू नये म्हणून. आता मी गोठ्याच्या कुडाला टांगलेला आहे.

पण माझी भीती गेलेली नाही. माझ्याबरोबर विकले गेलेले माझे भाऊ कुठल्या कुठल्या घरांत आहेत, त्यांच्या पोटात आज काय आहे, मला ठाऊक नाही. त्यांच्यावरची मुलगी अजून हसत असेल. मित्रांनो, भीतिदायक चित्राची पिशवी घरात आली तर मोठ्यांना ती जाळू देऊ नका, आतलं दुसऱ्या डब्यात ओतू देऊ नका. ते चित्र तुमच्यासाठीच काढलेलं असतं. आणि फळीवर माझ्यासारखा देखणा डबा दिसला, तर आत काय आहे ते आजच कोणा मोठ्या माणसाला बघायला सांगा. तुम्ही उघडू नका.