एक चिंचोका पुढं

"लेकराजवळ चिंचोके ठेवू नको व माय, त्याले तोंडाबिगर दुसरी जागाच मालूम नाही," असं शेजारच्या तानुबाईंनी बजावलं होतं. एरवी पान सळसळलं तरी दचकून पाळण्याकडे धावणाऱ्या रुख्मिणीनं नेमकं तेवढंच कानाआड केलं. तिला घाई होती. नवरा मास्तर, त्याची सायकल रविवारीच काय ती मोकळी सापडायची.

महाराष्ट्र होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. धाडच्या नव्या दवाखान्यात अन्नपूर्णाबाई नावाच्या नर्सबाई आल्या, त्या चक्क सायकलवरून. पण शेतातल्या वस्त्यांची वाट विचारली की लोक सांगत, "हे काय, एका बिडीची वाट!"

"बिडी कोणाची?" नर्सबाई वैतागून म्हणत. "अन् मधातच विझली तं?"

रुख्मिणी अमरावतीला राहून बी. ए. झालेली, त्यातही भूगोल घेऊन. उद्या आपल्याच बाळूला काही झालं आणि नर्सबाई कुठल्या वस्तीच्या वाटेवर चुकून बसल्या तर? या धास्तीनंच तिनं नकाशा करायला घेतला. सायकलच्या पुढच्या चाकाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. चिंधी वर आली की एक चाक. शंभर चाकं झाली की पिशवीतला एक चिंचोका ओटीत. बाळू पोटाशी बांधलेला आणि सायकल हातात धरलेली, अशी बाईची वरात शिवारभर फिरली.

"मास्तरीणबाई, सायकल बिमार हाय काय हो? हातानं चालवून राह्यल्या!" कडूबा आपल्या शेतातून ओरडला.

"मोजून राह्यले, कडूबा! मले बोलू नका, आकडा चुकते!"

नकाशा झाला मात्र देखणा. फक्त माणूस जाईल ती वाट तांबडी, सायकल जाईल ती निळी, आणि दोघांचीही असेल तिथं दोन्ही रंग जावाजावांसारखे शेजारी. कुठल्या वळणाला किती चाकं, तेही लिहिलेलं. कुंपणांमधल्या गाडवाटांपैकी एक पांदण तिनं काढलीच नाही. बाभळीच्या काट्यांनी भरलेली ती वाट नाल्यात जाऊन संपायची. सायकलीला उपयोगच नाही, मग दाखवायची कशाला? नर्सबाईंना नाडी मोजायची सवयच होती. त्यांनीही आपल्या चाकाला चिंधी बांधून घेतली.

आणि बाजाराच्या दिवशी निरोप आला. निवृत्तीच्या वस्तीवर त्याची बायको आशाबाई सकाळपासून अडली होती. पहिलटकरीण. निरोप घेऊन आलेली बाई पायवाटेनं धापा टाकत आलेली, तिला सायकलवाट काय ठाऊक! नर्सबाईंनी नकाशा पाहिला, पेटी मागं बांधली आणि बाजाराच्या गर्दीतून घंटी वाजवत निघाल्यासुद्धा.

रुख्मिणी दारातून पाहत राहिली. छाती आनंदानं भरून आली. आपल्या रेघेवरून एक बाई खरोखरची चालली होती! इतक्यात अंगणात बाळूनं काहीतरी तोंडात घातलं. तिनं सवयीनं बोट घालून ते काढलं. ज्वारीचा दाणा. फेकायला हात उचलला, आणि हात तसाच राहिला.

वाटा मोजतानाही एकदा तिनं असंच काहीतरी फेकलं होतं. निवृत्तीच्या वस्तीच्या वाटेवर बाळूनं ओटीतला चिंचोका तोंडात टाकला होता. घाबरून तिनं तो काढला आणि कपाशीत भिरकावला. नंतर मोजताना तो धरला का? नाही धरला!

म्हणजे नकाशात शंभर चाकं कमी. म्हणजे नर्सबाई एक पांदण आधी वळणार. काट्यांच्या पांदणीत!

"तानुबाई, बाळूला धरा!"

"काऊन व, काय झालं?"

"नंतर सांगते! घरात चिंचोके नाहीत ना?"

उत्तराला ती थांबली नाही. निळी वाट तळ्याला वळसा घालून जात होती, तांबडी धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून सरळ. दोन्ही वाटा त्या पांदणीच्या तोंडाशी मिळत होत्या. तिनंच तर काढल्या होत्या! लुगडं खोचून ती पळत सुटली. कपाशीची बोंडं पोटऱ्यांना ओरबाडत होती.

"मास्तरीणबाई, आज सायकल कोठी?" कडूबा.

"पुढं गेली! तिच्या आधी पोचायचं हाय!"

"मंग इकडून पळा! कपाशी तुडवा, मी काही म्हनत नाही!"

धुऱ्याच्या टोकाला ती पोचली तेव्हा नर्सबाई उतरून सायकलचं तोंड काटेरी पांदणीत वळवत होत्या.

"नर्सबाई! ती नाही! पुढची! एक चिंचोका पुढं!"

"काय पुढं?"

"चिंचोका! म्हणजे शंभर चाकं! जा तुम्ही, जा!"

नर्सबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा काट्यांकडे, आणि टांग मारली. पांढरं पातळ निळ्या वाटेनं भुर्र उडत गेलं. रुख्मिणी मागून धापा टाकत, थांबत थांबत बऱ्याच वेळानं वस्तीवर पोचली, तर दारातच तिला ऐकू आलं. बारीक, संतापलेलं, जिवंत रडणं. ती मटकन ओट्यावर बसली आणि हसता हसता रडायला लागली.

"मुलगी," नर्सबाई हात पुसत बाहेर आल्या. "नाळ गळ्याभोवती होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर..." त्यांनी आत वळून पाहिलं. "आई फार थकलीय. रोज कोणीतरी पाहायला हवं."

दुसऱ्या दिवशी रुख्मिणीनं दवाखान्याच्या भिंतीवरचा नकाशा उतरवला. चिंचोका वाढवला. काट्यांची पांदणही आखली आणि तिच्यावर ठळक फुली मारली. जी वाट घ्यायची नाही, तीही दिसायला हवी. कडेवरचा बाळू पेन्सिल खायला बघत होता. रंग वाळेपर्यंत तिला राहवेना. कोपऱ्यात उरलेल्या पांढऱ्या जागेत तिनं बारीक अक्षरात लिहिलं:

"हा नकाशा वाचून या वाटेनं जाणाऱ्यानं, मग तो पायी असो की सायकलवर, निवृत्तीच्या दाराशी घटकाभर थांबावं. आशाबाई उठून बसते का, लेक अंगावर पिते का, एवढं बघून या. आणि परतताना मला सांगून जा, मी दारातच असते."