धाकटीभोवतीचं वर्तुळ

"ही शाई पुसू ना?" येस्परने विचारलं.

नेव्यानाबाईंच्या तोंडात पेन्सिल होती. त्यांनी नुसती मान वर-खाली हलवली. आम्हा बल्गेरियन लोकांत याचा अर्थ 'नाही' होतो. परदेशी पाहुणे नको-नको म्हणून आडवी मान हलवतात आणि आम्ही त्यांच्या पेल्यात राकिया ओतत राहतो. आजवर नुकसान यकृतापुरतं होतं.

येस्पर डेन्मार्कहून आमच्या वेधशाळेतल्या, आकाशाचे फोटो टिपलेल्या जुन्या काचा स्कॅन करायला आला होता. त्याने स्पिरिटचा बोळा फिरवला. दोन फटक्यांत काच स्वच्छ.

त्या काचेवर १९८३ साली टिपलेली एक दूरची सर्पिल दीर्घिका होती. तिच्या बाहूंवर जिथे नवे तारे जन्मतात, तिथे बाईंचा सहकारी ल्युबेन याने निळ्या शाईचे ठिपके दिले होते. कडेला तिची सोबतीण, भाताच्या शिताएवढी छोटी दीर्घिका. ती सगळ्यांत आधी बाईंना दिसली होती. ल्युबेनने तिच्याभोवती वर्तुळ काढून लिहिलं होतं, 'नेव्याना, धाकटीला विसरू नकोस.'

एकोणतीस वर्षं दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसले. शोधनिबंधावर नाव त्याचं, शेवटी आभारात बाईंचं. संध्याकाळच्या बसने तो गावात बायकोकडे जाई. गेल्या हिवाळ्यात वारला. कागदपत्रं बायको घेऊन गेली, रीतसर. बाईंकडे राहिली ती एवढी ओळ.

"अरे, ते 'नाही' होतं," मी येस्परला म्हणालो.

तो पांढराफटक पडला. "पण बाईंनी मान..."

"असू दे. तुझ्या देशात तू बरोबर आहेस," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि झिव्को, तुझ्या तोंडात काय होतं रे?"

"बानित्सा."

खोटं नव्हतं. घास गिळेपर्यंत मी बघत राहिलो होतो. सरकारी नोकरीत हीच सवय लागते.

"ती धाकटी आता फार स्पष्ट दिसतेय," येस्पर चाचरत म्हणाला.

बाईंनी भिंगातून पाहिलं. बराच वेळ.

"दिसतेय खरी. तिला आमचीच अडचण होत होती."

तो जेवायला गेल्यावर बाईंनी कचऱ्याच्या डब्यातून निळा झालेला बोळा उचलला. खिडकीत वाळवला. काचांसाठी असतं तसं पाकीट घेतलं. क्रमांक लिहिला, तारीख लिहिली. निरीक्षकाच्या रकान्यात ल्युबेनचं नाव घातलं. जरा थांबल्या, आणि त्याखाली, नोकरीत पहिल्यांदाच, स्वतःचं.