काढ, जवळून काढ

दूध उतू जाऊन चूल विझली तरी धाकटी उंबऱ्यावरून उठली नाही. मान खाली, अंगठा मोबाइलवर. थोरल्या जावेनं पातेलं उतरवलं आणि कमरेवर हात ठेवून तिच्यापुढं उभी राहिली.

"आता कुणी काय लिहिलंय?"

"गिरणीवाल्याच्या मेव्हण्यानं हसणारी तोंडं टाकलीत."

"मग बघतेस कशाला, बाई?"

"नाही बघितलं तर छाती धडधडते. बघितलं तरी धडधडते."

गावात ट्रॅक्टर चालवणारी धाकटी एकटीच बाई. नांगरताना तिचा ट्रॅक्टर चिखलात रुतला, तर गिरणीवाल्यानं बांधावरून शूटिंग करून गावाच्या ग्रुपवर टाकलं. रुततो की कुणाचाही. पण ही दिवसभर तेच चाळत बसायची. झोप उडाली, घास गिळवेना. एकदा पाणी शेंदता शेंदता विहिरीत वाकून इतका वेळ बघत राहिली, की थोरलीनं तिचा पदर धरला तो थेट दवाखान्यात गेल्यावरच सोडला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "वेड नाही लागलं. मन आजारी पडलंय. गोळ्या घे, माझ्याशी बोलायला येत जा आणि तो मोबाइल लांब ठेव. धरलेली खपली रोज खरवडतेस तू."

घरी आल्यावर नवरा चाचरत म्हणाला, "ट्रॅक्टर विकून टाकू. लोकांची तोंडं तरी बंद होतील."

"ट्रॅक्टर राहील," धाकटी म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज चढला होता. "त्यांच्या तोंडांसाठी मी माझं काम सोडू? जायचा तर हा जाईल." तिनं मोबाइल थोरलीच्या ओटीत टाकला. थोरलीनं तो पेटीत घालून किल्ली पदराला बांधली.

सोपं नव्हतं ते. हात सारखा शिवशिवायचा. किल्लीसाठी दोघींची भांडणं झाली, एकदा तर धाकटीनं तिचा पदरच ओढला. थोरलीनं किल्ली दिली नाही, हातात विळा दिला आणि गवत कापायला नेलं. गोळ्या चालू होत्या, दवाखान्याच्या खेपाही. हळूहळू डोळा लागायला लागला.

मग एका सकाळी तिनं ट्रॅक्टर बाहेर काढला. ओढ्याकडच्या वावरात पोचली, तर बांधावर गिरणीवाला हजर, मोबाइल वर धरून. तिनं ट्रॅक्टर थांबवला.

"लांबून काय काढतोस? जवळ ये. तोंड नीट येऊ दे माझं."

"गंमत म्हणून काढतोय, वहिनी."

"काढ ना. रुतले तर तेही काढ. पण मला दाखवायला येऊ नकोस, मला नांगरायचंय."

गिरणीवाल्यानं इकडंतिकडं बघितलं. हसायला कुणी नव्हतं. मागनं आलेली थोरली मात्र खुरपं घेऊन उभी होती, टक लावून.

धाकटीनं गिअर टाकला. फाळ जमिनीत उतरला आणि काळी माती उलथत गेली.

त्यानं ते ग्रुपवर टाकलं का, खाली कोण काय बोललं, तिला ठाऊक नाही. दिवेलागणीला ती पोटभर जेवली आणि भिंतीला टेकली ती तिथंच घोरायला लागली. भांड्यांची पाळी तिची होती त्या दिवशी. थोरलीनं तिच्या अंगावर चादर टाकली आणि बाह्या सारून स्वतःच घासायला बसली.