एक किलोमीटरच्या आत

“अक्का, दार उघड. मी हाय.”

वच्छलाबाईनं दार किलकिलं केलं आणि लगेच लोटून घेतलं. बाहेर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखातली माणसं उभी होती. डोळ्यांवर जाड चष्मे, तोंडावर मास्क. त्यांतला आपला भाऊ कोणता, हे तिला कळेना.

“अगं, मी बन्सी. कोंबड्या न्यायला आलोत.”

“आवाज तर त्याचाच हाय,” ती आतून पुटपुटली, आणि दार उघडलं.

बन्सीधरची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून गेली होती. अडलेली म्हैस मोकळी करायची असो की शेळ्यांना लस टोचायची असो, आसपासच्या गावांत डॉक्टरांच्या आधी त्याला निरोप जायचा. आता त्याच हातांनी तो सकाळपासून माना मुरगळत होता.

गावाबाहेर आबासाहेबांची पोल्ट्री होती. तिथल्या कोंबड्या पटापट मरायला लागल्या, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. लगोलग जिल्ह्याहून हुकूम आला, की पोल्ट्रीपासून एक किलोमीटरच्या आत एकही पक्षी जिवंत ठेवायचा नाही. डॉक्टर नागेश तरुण होते, पण त्यांनी मारुतीच्या पारावर उभं राहून लोकांना नीट समजावलं होतं. “हा रोग आज कोंबडीचा आहे. एखाद्या माणसाला झाला, आणि तिथून माणसामाणसांत पसरायला शिकला, तर मग तो तुमच्या-माझ्या हातात राहणार नाही. कोरोना विसरलात का?” कोरोना कुणीच विसरलं नव्हतं. बन्सीधरची बायको, पार्वती, त्यातच गेली होती. म्हणून तर हुकूम त्याला पटला होता. तोंडदेखला नव्हे, मनापासून.

वच्छलाबाईनं कोंबड्यांचं डालगं स्वतःच पुढं सरकवलं. अंडी विकून ती मीठमिरची चालवायची, पण रडली नाही. पाहता पाहता डालगं रिकामं झालं, पोतं भरलं.

“कवडी कुठाय?” बन्सीधरनं विचारलं.

कवडी म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची, एका पायानं लंगडी कोंबडी. ती लहान असताना तिच्या पायावरून बैलगाडीचं चाक गेलं होतं. बन्सीधरनंच काडी बांधून तो पाय सांधला होता.

“मुंगसानं नेली,” वच्छलाबाई म्हणाली.

“कधी?”

“झाले लय दिवस.”

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. दाराच्या आड तिची नात सृष्टी उभी होती. मुलगा आदिनाथ आणि सून ऊसतोडीला गेलेले. पोर आजीकडं राहून पहिलीच्या वर्गात जायची. कवडी तिची. शाळेतून आली की ती आधी कवडीला हाक मारायची.

नागेश डॉक्टर अंगणाच्या कडेला उभे होते. ते हळूच म्हणाले, “बन्सीधर, एक जरी राहिली ना, तर आपण केलेलं सगळं मातीत जाईल. तुम्हीच बघा आता. तुमचं घर आहे.”

बन्सीधरनं चष्मा कपाळावर चढवला. मास्क खाली ओढला. तसं करायला मनाई होती, पण डॉक्टरांनी तिकडं पाठ केली. तो पोरीसमोर उकिडवा बसला.

“सृष्टे, मला वळखलंस का?”

“हाव. बन्सीआबा.”

“मंग सांग बरं, कवडी कुठाय? तिला सुई द्यायची हाय. सुई दिली की तिला काईच व्हत न्हाई.”

“ह्या सगळ्यायला कामून न्हाई दिली?” तिनं पोत्याकडं बोट केलं.

“त्या आजारी हुत्या. कवडी चांगली हाय न्हवं?”

पोरीनं थोडा विचार केला. आबा खोटं बोलत नाहीत, हे तिला माहीत होतं. शेळीला सुई देतानासुद्धा ते ‘दुखल जरासं’ असं खरं सांगायचे. ती त्याचं हातमोज्यातलं बोट धरून गोठ्यामागं घेऊन गेली. कापसाच्या पऱ्हाट्यांचा ढीग बाजूला सारला. आत पाटीखाली, जुन्या लुगड्याच्या चिंधीवर कवडी बसली होती. सृष्टीनं तिला दोन्ही हातांनी उचललं, तिच्या डोक्यावरून गाल फिरवला आणि बन्सीधरच्या हातात दिलं.

“दुखल का तिला?”

“न्हाई,” तो म्हणाला.

पोरीला आधी आत पाठवावं, असं त्याच्या मनात होतं. पण कवडी हातातून फडफडून सुटायला लागली. सुटली असती तर मागच्या ओढ्यात गेली असती. त्यानं तिथंच मान पिळली. इतक्या जवळ, की एक पीस पोरीच्या झग्यावर येऊन चिकटलं. सृष्टी ओरडली नाही. तोंड उघडलं होतं, पण आवाजच आला नाही.

पोत्याचं तोंड बांधत तो अंगणात आला, तेव्हा वच्छलाबाई उंबऱ्यात बसली होती.

“बन्सी, पोरीकडून कामून काढून घेतलीस?”

“तुला इचारलं हुतं न्हवं मी? तू खोटं सांगितलंस.”

“हाव, सांगितलं. म्हातारी हाय मी. माज्यासंगं तू बी खोटं बोल. हिसकून घे, ढकलून दे मला. त्या लेकराच्या हातनं कामून घेतलीस रे?”

त्यानं पोतं उचललं. अजून पुढची आळी बाकी होती. शिवारात जेसीबीनं खणलेल्या खड्ड्यात पोती गेली, वर चुना पडला, माती पडली. संध्याकाळी पथकातल्या सगळ्यांना गोळ्या दिल्या, ताप बघितला, आणि डॉक्टर म्हणाले, “काम चांगलं झालं.”

चांगलंच झालं होतं. पण पुढच्याच आठवड्यात घरोघर ताप तपासत फिरणाऱ्या आशाताईला सृष्टीचं अंग तापानं भाजत असलेलं आढळलं. गाडी आली. आजी आणि नात परभणीच्या दवाखान्यातल्या वेगळ्या खोलीत गेल्या. गाडीला वाट देताना आळीतली माणसं घरात शिरली आणि त्यांनी दारं लावून घेतली. आदिनाथचा उसाच्या फडावरून फोन आला, “मामा, आमाला निघायला दोन दिस तरी लागतेत. तुमी हाव न्हवं तिथं?”

तो होताच. खोलीबाहेरच्या बाकावर. आतून नर्स बाहेर आली. अपेक्षा तिचं नाव. पोरगेलीच होती, घामाघूम झालेली.

“घशातला नमुना घ्यायचाय, पण पोरगी दातखीळ बसल्यागत करायलीय. आजीचंही ऐकेना. तुम्ही कोण तिचे?”

“आबा.”

“मग या. समजावा तिला. जबरदस्ती केली तर चावते.”

तिनं त्याला पांढरा पोशाख दिला, मास्क दिला, चष्मा दिला. तो आत गेला. कॉटवर सृष्टी भिंतीला पाठ लावून बसली होती. वच्छलाबाईनं त्याला बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली.

“बाळा, तोंड उघड,” बन्सीधर म्हणाला. “बारकी काडी हाय. काईच व्हत न्हाई.”

आवाज ऐकताच पोरीनं दोन्ही हात वर नेले आणि स्वतःची मान गच्च झाकून घेतली.

“घसा दुखतोय वाटतं,” अपेक्षा म्हणाली. “कधीपासून दुखतो गं?”

बन्सीधर दोन पावलं मागं सरकला.

“घसा न्हाई सिस्टर,” तो म्हणाला. “मला भेलीय ती. मी भायेर जातो. मंग उघडल.”

पुढं अहवाल आला तो साध्या तापाचा निघाला. गावात कुणालाच काही झालं नाही. तयारी वेळेवर झाली म्हणून वाचलो, असं नागेश डॉक्टर म्हणाले, आणि ते बहुधा खरंच होतं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी बन्सीधर दाराबाहेर, काचेच्या पलीकडं उभा राहिला. आत अपेक्षानं पोरीला काडी दाखवली, तिच्या हातात दिली, परत घेतली. काहीतरी बोलली. काचेतून ऐकू येत नव्हतं. सृष्टीनं आधी दाराकडं बघितलं. तो झटकन भिंतीआड सरकला. थोड्या वेळानं त्यानं हळूच डोकावलं, तेव्हा पोरीनं मानेवरचे हात काढले होते, आणि त्या अनोळखी बाईसमोर डोळे मिटून आ केला होता.