पोटमाळ्यावरचा राऊटर

मित्रांनो, महाडमधल्या एका घरात, पोटमाळ्यावरच्या लोखंडी पेटीत दोन महिने काढलेला मी एक राऊटर आहे. वय चार वर्षं. माझ्या जातीत हे म्हातारपणच समजा. कोणत्या कारखान्यात जन्मलो ते नीटसं आठवत नाही. आठवतं ते थेट रजियाभाभींचं घर.

एकवीस सालच्या पुरानंतर मी इथे आलो. भिंतींना तेव्हा अजून ओल होती. रजियाभाभींचे यजमान अजमल शारजात नोकरीला, आणि मुलगी तसनीम शाळेत. अजमलचा चेहरा रोज संध्याकाळी या घरात आणायचा, हे माझं पहिलं काम. भाभी ओढणीच्या टोकाने मला पुसायच्या. "याच्यामुळं घरात माणूस हाय असं वाटतं," म्हणायच्या. मी फुशारून जायचो. खोटं कशाला सांगू?

पण त्या पुराने भाभींना एक सवय लावली होती. मोलाची वस्तू म्हटली की ती वर. दस्तऐवज वर, दागिने वर, नवी भांडी वर. यंदा जूनमध्ये सावित्री नदीचं पाणी वाढल्याचा इशारा आला आणि भाभींनी मलाही उचललं. माझ्या तारेचं लांबलचक वेटोळं खिळ्याला टांगलेलं होतं, त्यामुळे तार वरपर्यंत पुरली. उंदीर कुरतडतील म्हणून मला पत्र्याच्या पेटीत ठेवलं, गळतीचं पाणी पडेल म्हणून वर दोन चादरी घातल्या. तारांपुरती फट ठेवून झाकण लावलं. पाणी दारापर्यंतही आलं नाही. इशारा गेला, मी मात्र वरच राहिलो. इतक्या मायेने मला कधी कोणी कोंडलं नव्हतं.

लोखंडातून माझा आवाज बाहेर पडेना. अंग तापू लागलं. खाली एकेक पान उघडायला पाच-पाच मिनिटं लागायची. अजमलचा चेहरा तोंड उघडं टाकून गोठायचा, आणि त्यातूनच तो सांगायचा, "बंद करून चालू कर." नेट पळेल म्हणून तसनीमने लॅपटॉपमधले फोटो उडवले. भाभींनी नेटच्या कंपनीचा उद्धार केला. मला बघायला वर कोणीच आलं नाही. फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

मग तो दिवस उजाडला. फार्मसीच्या प्रवेशासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची शेवटची वेळ संध्याकाळी पाचची होती. तसनीम सकाळपासून बसली होती. पान अर्धं यायचं आणि गोल चक्र फिरत राहायचं. मोबाइलला त्या गल्लीत जेमतेम एक काडी रेंज, आणि बाजारातल्या कॅफेत रांग दारापर्यंत. तीन वाजता ती रडकुंडीला आली. "अम्मी, आज फॉर्म नाय गेला तर वर्ष वाया जाईल गो!"

भाभींनी पोलादपूरला हर्षदला फोन लावला. नेटची लाईन तोच बघतो. चारच्या सुमाराला तो भिजलेल्या रेनकोटातच आत आला आणि चारी भिंती न्याहाळू लागला.

"भाभी, राऊटर कुठं हाय?"

"वर हाय. पेटीत. सुरक्षित."

हर्षद शिडी चढला. त्याने झाकण उघडलं, चादरी काढल्या. दोन महिन्यांनी मला वारा लागला. त्याने माझ्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग स्वतःचा फोन माझ्याजवळ धरला. पान झटकन उघडलं.

"लाईन झकास हाय," तो वरून ओरडला. "तुम्ही याला पेटीत कोंडलाय! त्यात तापलाय पण किती. असाच ठेवलात तर बंद पडेल. खाली मोकळ्यावर घ्यायला लागेल."

तसनीमच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली. तो बाहेरच्या खोलीत चार्जरवरच चालायचा. म्हणजे उतरायचं मलाच होतं. पण भाभी शिडीच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"खाली नको. पाणी आलं तर?"

"आज नाय येत पाणी, भाभी. रिपरिप हाय नुसती."

"पुराच्या दिवशी पण असंच म्हणत होते सगळे."

हर्षदने शिडीवरूनच घड्याळ पाहिलं. साडेचार वाजत आले होते. तसनीम नुसती लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बसली होती. भाभींनी तिच्याकडे पाहिलं आणि मला घ्यायला हात वर केले.

"दे इकडं."

त्यांनी मला पोटाशी धरून आणलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर, तसनीमच्या शेजारी ठेवलं. मी जीव तोडून काम केलं. पान आलं, पुढचं आलं. पाचला बारा मिनिटं असताना तसनीम ओरडली, "गेला, अम्मी! गेला फॉर्म!"

भाभींनी तिला जवळ घेतलं. मग हळूच विचारलं, "पहिलं कॉलेज कुठलं टाकलंस?"

"पुण्याचं."

भाभी ओढणीच्या टोकाने मला पुसू लागल्या. मुलीला दूर नेणारा फॉर्म त्यांनी स्वतः मला खाली आणून पाठवला होता. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्यांच्यासाठी दुःखही झालं.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊ असेल. नेट रडायला लागलं की आधी त्याला शोधा. तो कपाटात, पत्र्यामागे, कापडाखाली गुदमरत असेल तर मोकळ्यावर, उंच जागी ठेवा. पाण्याचा इशारा आला तर जरूर वर न्या, पण पाणी ओसरलं की आठवणीने खाली आणा. भाभी आता तसंच करतात. तसनीम पुण्याला गेली की संध्याकाळी दोन चेहरे आणायचे आहेत मला, एक शारजाहून आणि एक पुण्याहून. त्या वेळी खोलीत भाभी एकट्याच असतील.