नाल्याकडचा कोपरा

"हात जातोय की यात," हॅलोरनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खरंच भिंतीच्या भेगेत मनगटापर्यंत हात घातला.

माझे वडील त्यांच्या शेजारी उभे होते. मी त्यांना ताता म्हणत असे. बाईंचा हात त्यांना दिसला नसावा. रक्तातल्या साखरेने त्यांची नजर तोपर्यंत बरीच गेली होती. म्हणून तर शाळेच्या वाचनालयातून रजा काढून मी त्यांच्याबरोबर या बेटावर, वाईनासारी गावात आले होते. कागद वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. पण भेग कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे त्यांना न बघताही ठाऊक होतं.

"येत्या पावसात अजून रुंदावेल," ताता म्हणाले.

"रुंदावते कसली, पडेलच," मागून जगनंदन म्हणाला. "आणि पडेल ती माझ्याच अंगावर. दुसऱ्या कुणाच्या अंगावर पडायची तिला सवयच नाही."

"तुझा देह बघून भिंतच घाबरेल, जग्गू. जपून पडेल," ताता म्हणाले.

जगनंदन हसला, पण नेहमीसारखा नाही. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात बाहेर काढून पुसला आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. त्या ब्रिस्बेनहून लवाद म्हणून आल्या होत्या. वाद साधा होता. गावाचा दवाखाना नकाशात टेकडीच्या पायथ्याशी, कठीण जमिनीवर दाखवला होता. प्रत्यक्षात तो खाली, नाल्याच्या अंगाला उभा होता, आणि त्याचा नाल्याकडचा कोपरा, जिथे बाळंतिणीची खोली व्हायची होती, तो खचला होता. सरकारी खात्याचं म्हणणं, कंत्राटदाराने चुकीच्या जागी बांधलं, त्यानेच पाडावं आणि पदरच्या पैशाने परत बांधावं. कंत्राटदाराचं, म्हणजे जगनंदनचं म्हणणं, मला देखरेख अधिकाऱ्याने तोंडी सांगितलं म्हणून मी जागा बदलली.

देखरेख अधिकारी म्हणजे ताता. लेखी काहीच नव्हतं.

तातांचं सगळं आयुष्य या असल्या वादांत गेलं. राजधानीत, सुव्याच्या कार्यालयात त्यांना एक टेबल होतं, पण ते तिथे फारसे सापडत नसत. कुठे शाळेचं छत गळतंय आणि मुख्याध्यापक सही देत नाहीत, कुठे धक्क्याचा गिलावा निघालाय आणि कंत्राटदार समुद्राला दोष देतोय, अशा गावी ते होडीने जायचे. दोन्ही बाजूंना चटईवर बसवायचे, मध्ये यांगोनाचं लाकडी पात्र ठेवायचे आणि करवंट्या फिरू द्यायचे. तो कडसर, मातीच्या चवीचा द्रव पिऊन सगळ्यांच्या जिभा जड झाल्या, की म्हणायचे, "बोला आता. आता ओरडायला कुणाला जमणार नाही." आई चिडायची. "लोकांची भांडणं मिटवता, स्वयंपाकघराचं दार कोण बसवणार?" ते दार ती असेपर्यंत नीट बसलं नाही.

मग सगळं कागदावर यायचं. या बाबतीत ते कडक होते. चटईवर ठरलेलं त्याच आठवड्यात लिहून, सही घेऊन मोकळे व्हायचे. वाईनासारीचं मात्र त्यांनी लिहिलं नाही.

का, ते मला आदल्या दिवशी कळलं.

होडीतून उतरून आम्ही पाहुण्यांच्या घरात टेकलो होतो. मी करार वाचत होते. ताता डोळे मिटून ऐकत होते.

"'देखरेख अधिकाऱ्याने तोंडी दिलेला हुकूम त्याने स्वतः कबूल केल्यास तो लेखी हुकमासारखाच धरला जाईल,'" मी वाचलं.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे सगळं तुमच्या तोंडावर आहे," मी म्हणाले. "तुम्ही हो म्हणालात तर जगनंदनकाका सुटतात."

"आणि नाही म्हणालो तर त्याचं घर जातं. त्याने काँक्रीटचा मिक्सर आधीच विकलाय, मला सांगत नाही. बंदरावर दुसऱ्याच्या अंगणात बघितला मी."

"तुम्हाला दिसला?"

"आवाज ओळखला."

तेवढ्यात दाराशी कुणी खाकरलं. सामिसोनीमामा होते, गावातले सगळ्यात वडीलधारे. नात्याने नाही, पण तातांसकट सगळे त्यांना मामाच म्हणत. ते वाकून आत आले, तातांसमोर मांडी घालून बसले आणि बराच वेळ चटईचे धागे चाचपत राहिले.

"पोरगी राहू दे इथे?" त्यांनी विचारलं.

"राहू दे. ती माझे डोळे आहे."

"उद्या ती बाई विचारेल."

"विचारणारच. त्यासाठीच आलीये."

"तू तांबुआचं बोलणार?"

तांबुआ म्हणजे देवमाशाचा दात. आमच्यात तो समोर ठेवून काही मागितलं आणि समोरच्याने तो दोन्ही हातांनी उचलला, की नाही म्हणायची सोय संपते. सरकार, करार, नकाशा, सगळं त्यानंतर. तातांनी वाईनासारीत तो उचलला होता. आखणीच्या खुंट्या ठोकल्या तेव्हा दवाखान्याची मागची भिंत एका जुन्या चौथऱ्यावर येत होती. सामिसोनीमामांच्या घराण्याचं पहिलं घर त्या चौथऱ्यावर होतं. घर कधीच गेलं होतं, दगड होते आणि भोवती क्रोटनची झाडं होती. मामा दात घेऊन आले. ताता त्याच संध्याकाळी जगनंदनला म्हणाले, "इमारत खाली घे, नाल्याच्या अंगाला." जगनंदनने खुंट्या उपटल्या.

लिहिलं असतं तर कागद सुव्याला गेला असता. तिथे चार जण टेबलाभोवती बसून, हा दात हे कारण म्हणून धरायचं की नाही, यावर बोलले असते आणि नाही म्हणाले असते. मग तातांना तो दात परत न्यावा लागला असता. असं आजवर आमच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. म्हणून त्यांनी लिहिलं नाही. नाल्याकडची माती त्यांनी टाचेने दाबून बघितली होती, एवढंच. तेव्हा कोरडा ऋतू होता.

"बोलू नकोस," सामिसोनीमामा म्हणाले. "गावाने जागा हलवायला लावली असं खात्याला कळलं, तर ते म्हणतील, यांना दवाखाना नकोच होता. पलीकडच्या किनाऱ्यावरचे लोक टपूनच बसलेत. उचलून तिकडे देतील."

"मी नाही बोललो, तर ते इमारत नकाशाप्रमाणे बांधतील, मामा. चौथऱ्यावर."

"बांधू दे."

तातांनी चेहरा त्यांच्याकडे वळवला.

"नातसुनेला होडीत कळा लागल्या," मामा म्हणाले. "मधल्या खाडीत. पोर जगलं नाही. तुला कळलं असेल."

"कळलं."

"दगडांना बाळंतपण करता येत नाही, इलाईतिया. मीच मागितलं होतं. मीच सोडतो."

"तुम्ही सोडता. पण मी काय म्हणून उचलला होता तो?" तातांचा आवाज चढला नाही, पण शब्द एकेक करून आले. "तुमच्यासाठी मी खुंट्या उपटायला लावल्या, ती कच्ची माती पत्करली. आता तुमचा चौथराही जाणार आणि माझा शब्दही."

"जग्गूला सोडून दे म्हणजे झालं," मामा हळूच म्हणाले. "तू म्हण, मी काही सांगितलं नव्हतं. तो व्यापारी माणूस आहे. व्यापाऱ्याचं वरखाली होतच असतं."

"ते व्हायचं नाही."

"मग काय म्हणशील?"

"बघतो."

मामा उठले. दारातून जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता, वाळलेल्या पानासारखा.

मी तातांना म्हणाले, की खरं सांगा, सगळं सांगा, ती बाई समजूतदार दिसते. ते म्हणाले, "समजूतदार असेल. पण तिला लिहावं लागेल. आणि तिने लिहिलेलं खातं वाचेल."

दुसऱ्या दिवशी भेग बघून झाल्यावर सगळे सभाघरात बसले. बाईंसाठी टेबल-खुर्ची आणली होती, ती त्यांनी नको म्हणून बाजूला करवली आणि पाय एका बाजूला दुमडून अवघडून खाली बसल्या. खात्याचा माणूस आधी बोलला. मग जगनंदन बोलला. त्याने एवढंच सांगितलं, की इलाईतिया म्हणाला म्हणून जागा बदलली. का म्हणाला, यावर तो म्हणाला, "ते त्याला विचारा. मी वाळू-सिमेंटवाला. मला का विचारत बसायचे पैसे मिळत नाहीत."

होडीत येताना तो तातांना म्हणाला होता, "मी दाताचं काही बोलणार नाही बरं का. ते तुमच्या लोकांचं. तुला जे म्हणायचं ते म्हण, मी ऐकून घेईन." आणि मग लगेच, "पण जरा मोठ्याने म्हण. मला एका कानाने कमी येतं."

बाई तातांकडे वळल्या.

"जागा बदलायचा हुकूम तुम्ही दिलात?"

"हो. मी दिला."

खात्याच्या माणसाने पेन खाली ठेवलं. तो तातांच्याच हाताखाली शिकला होता. त्याने मान खाली घातली.

"लेखी का दिला नाही?"

"राहून गेलं."

"याआधी असं कधी राहून गेलं होतं?"

"नाही."

"जागा का बदललीत?"

बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा चरचर आवाज येत होता. सामिसोनीमामा चटईकडे बघत होते. जगनंदनने तोंड उघडलं. ताता त्याच्याकडे मानही न वळवता म्हणाले, "जग्गू, तुझं बोलून झालंय."

मग ते बाईंना म्हणाले, "मला ती जमीन बरी वाटली."

"माती तपासून घेतली होती?"

"नाही."

"म्हणजे नकाशा सोडून, तपासणी न करता, काही कारण नसताना?"

"कारण असतं तर लिहिलं असतं, मॅडम."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग खिडकीतून बाहेर, चढावरच्या क्रोटनच्या तांबड्या-पिवळ्या पानांकडे.

"तो तिथला उंचवटा कसला आहे?"

"जुन्या घराचा," ताता म्हणाले. "आता कुणी राहत नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांना किती कळलं, ते मला अजूनही सांगता येणार नाही. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्यासमोर जे ठेवलं होतं, त्यावरून त्यांनी बरोबर निकाल दिला. जगनंदनचा दोष नाही, खात्याने इमारत नकाशाप्रमाणे वर बांधून घ्यावी, आणि हा सगळा प्रकार देखरेख अधिकाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झाला. निकाल घरी आला तेव्हा तोही मलाच वाचून दाखवावा लागला. त्या शब्दापाशी मी थांबले. "पुढे वाच," ताता म्हणाले. मी पुढे वाचलं. खात्याने त्यांना मुदतीआधी घरी पाठवलं. निरोपाचं जेवण झालं नाही. कार्यालयातली नवी मुलं अजूनही एखादी इमारत वाकडी झाली की त्यांचं नाव घेतात, हे मला एकीने सहज सांगितलं. मी त्यांची मुलगी आहे, हे तिला माहीत नव्हतं.

वाईनासारीचा दवाखाना पुढे झाला. चौथऱ्याचे दगड यंत्राने एका सकाळीत काढले, आणि तेच नव्या इमारतीच्या पायात भराव म्हणून घातले. ताता ते बघायला गेले नाहीत. आता ताताही वारले. शंभराव्या रात्रीचं, दुखवटा संपवणारं जेवण व्हायचंय, तोवर आम्ही घरात गाणं लावत नाही. या शांततेत मला सारखं त्या दिवसाचं दुपारचं जेवण आठवतं.

सुनावणी संपली आणि बायकांनी लांब चादर अंथरली. नारळाच्या दुधातला मासा, उकडलेला दालोचा कंद, कसावा. आमच्या घरांत बसायची रीत ठरलेली असते. दारापासून लांबचं टोक वरचं, मानाचं. दाराजवळ तरणी पोरं, वाढणारे, ज्यांना फारसं कुणी विचारत नाही ते. ताता कुठल्याही गावात गेले, की यजमान त्यांना हाताला धरून वरच्या टोकाला नेत, आणि ते नको नको म्हणत जात. जगनंदन कायम दारात बसे. त्याला वर बोलावलं तरी म्हणायचा, "इथून पळायला सोपं पडतं."

त्या दिवशीही सामिसोनीमामांनी आपल्या शेजारच्या जागेवर दोनदा थाप मारली. ताता मला धरून उठले. मला वाटलं, वर जायचंय, म्हणून मी तसं वळले. त्यांनी माझा दंड हलकेच उलट दिशेला दाबला. आम्ही चादरीच्या कडेकडेने, वाकून, लोकांच्या पाठीमागून, दारापर्यंत आलो. वरच्या रिकाम्या जागेवर कुणीतरी हॅलोरनबाईंना बसवलं. त्या आभार मानून बसल्या.

चपलांच्या ढिगाशेजारी जगनंदन मांडी घालून बसला होता. ताता त्याच्यापाशी थांबले.

"इकडे कुठे?" तो दबक्या आवाजात म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "वर जा. सगळे बघतायत. ही माझी जागा आहे."

"सरक थोडा," ताता म्हणाले.

तो सरकला. ताता हाताने चटई चाचपत खाली बसले, आणि मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं.