ठकूची हळद

मालन ठाण्याच्या जनाना दवाखान्यात सुईणपण आणि रोग्यांची शुश्रूषा शिकायला आली, त्याला दहा महिने झाले होते. कोपरच्या आगरी वस्तीतून असं शिकायला गेलेली ती पहिलीच. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई गावात हुशार बाई शोधत आल्या, तेव्हा मिठागरावर काम करणाऱ्या तिच्या नवऱ्यानेच, सहदेवने, तिचं नाव पुढे केलं होतं. यापुढे बायको महिन्यातून एका रविवारी, फाटकाजवळच्या बाकावर, अर्धाच तास भेटणार आहे हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

शिकण्याचा मालनला कंटाळा नव्हता. तिला जड जाई ती तिथली शांतता. तिची मावशी आवडाबाई गावची धवलारीण. धवले, म्हणजे लग्नातली गाणी, ती सुरू करायची आणि मागोमाग मालनचा आवाज चढायचा. इथे नुसतं गुणगुणलं तरी मोठ्या नर्सबाई म्हणत, "वॉर्ड आहे हा, मांडव नव्हे."

वैशाखात धाकट्या बहिणीचं, ठकूचं लग्न ठरलं. मालनने चार दिवसांची रजा मागितली. एकही दिवस मिळाला नाही. वॉर्डात एक बाळंतीण तापाने फणफणली होती आणि तिचं सगळं मालनकडे होतं.

"हा ताप हातावरून पसरतो," मोठ्या बाईंनी बजावलं. "हिच्याजवळून उठून दुसऱ्या बाळंतिणीला शिवायचंसुद्धा नाही. औषधाच्या पाण्याने हात घासायचे, अंघोळ करायची, लुगडं बदलायचं."

हळदीच्या दिवशी सकाळी रात्रपाळी संपली, तशी मालन झोपायला जाते असं सांगून मागच्या दाराने निघाली. अंघोळीला थांबली असती तर गाडी चुकली असती. हातांवर नुसतं पाणी घेतलं, आणि अंगावरच्याच लुगड्यानिशी ती गाडीत बसली. डोंबिवलीला उतरून शेतांच्या बांधांवरून चालत ती कोपरला पोचली, तेव्हा मांडवात जात्यावर हळद दळायला बसले होते.

"आली गो माजी बाय!" आवडाबाईने तिला ओढून जवळ बसवलं. ठकू रडली, हसली, मग पुन्हा रडली. मालन गायला लागली, आणि दहा महिने छातीत कोंडलेलं काहीतरी मोकळं झालं. तिने ठकूला हळद लावली, बायकांबरोबर फेर धरला, पोट दुखेपर्यंत हसली.

दुपारी भावजयीने, रंगूने, तिला आत बोलावलं. रंगूच्या बाळाचं बारसं होऊन दोनच दिवस झाले होते. मालनचा भाऊ राघो दारात घुटमळत होता.

"जरा बघतंस का गो? रगत थांबत नाय. मना भ्या वाटतंय," रंगू म्हणाली.

मालनने पदर खोचला. पोट दाबलं, आत अडकलेली रक्ताची गाठ काढली. पंधरा दिवसांपूर्वी शिकलेलं सगळं हातांना आठवलं. थोड्या वेळात रक्त थांबलं. बाहेर येऊन राघोने सगळ्यांना सांगितलं, "माजी भन डाक्तरीण झाली!"

संध्याकाळच्या आत ती ठाण्याला परतली. वॉर्डात त्या तापाच्या बाळंतिणीची खाट रिकामी होती. गादी जाळायला बाहेर काढत होते.

"बारा वाजता गेली," मोठ्या बाई म्हणाल्या. "दोनदा तुझं नाव घेतलं तिने. कुठे होतीस?"

मालनने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नखांत हळद होती. मग तिने सगळं सांगितलं. न विचारता गेले, हे सांगणं सोपं होतं. याच हातांनी रंगूला शिवले, हे तिने शेवटी सांगितलं.

"हे लपवलं असतंस तर मला कधी कळलं नसतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "शिक्षेचं नंतर. आधी डोक्यावरून अंघोळ कर, नखं काप, लुगडं उकळायला टाक. मग औषध घेऊन तुझ्या भावजयीकडे परत जा. काय बघायचं ते तुला माहीत आहे."

ठकूचं लग्न लागलं तेव्हा मालन रंगूच्या उशाशी होती. मांडवात तिच्या नावाने हाका मारत होते. ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी रंगूला थंडी वाजून ताप भरला.

"दुधाचा ताप हाय," आवडाबाई म्हणाली. "येतो आन जातो."

मालनला तसं मानायचं होतं, पण मानता आलं नाही. पाच दिवस ती पाणी उकळत राहिली, कपडे बदलत राहिली. डॉक्टरीणबाई एकदा येऊन गेल्या. सहाव्या दिवशी रंगूला दरदरून घाम सुटला आणि ताप उतरला. तो कसला होता, हे डॉक्टरीणबाईंनाही नक्की सांगता आलं नाही.

घरात मालनचा उदोउदो झाला. राघोने तिच्यासाठी हिरवं लुगडं आणलं आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. थोरला भाऊ धाकट्या बहिणीच्या पाया पडला! मालन मागे सरली.

त्या दिवशी खाडीच्या बांधावर तिने सहदेवला खरं सांगितलं.

"ताप तुज्या हातानंच आला असंल?" त्याने विचारलं.

"ठाऊक नाय. कधीच कळायचं नाय."

"मग राघोला सांगू नकोस," तो हळू म्हणाला. "त्याला काय करायचाय? तू सोडून दे ते शिकणं. घरी ये. दोन जागी जीव टांगून कोण जगलाय?"

"सोडलं तर हे मनातलं तरी सुटंल का?" मालन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. शिक्षा म्हणून पुढचे सहा महिने रविवारची भेट बंद, असा निरोप दवाखान्यातून आला होता. रंगू उंबऱ्यापर्यंत आली, तिने बाळ पुढे केलं. "घे की गो आत्याबाई."

मालनने आधी हात धुतले. रंगू हसली. तिला वाटलं, ही शिकलेल्या बायांची सवय. मालनने बाळ घेतलं, पण छातीशी धरवेना. लगेच परत दिलं आणि मागे न बघता ती बांधाला लागली.